एंगेजमेंट सर्व्हे भरण्याआधी: कॅलिको मिल, तारापूर आणि ओडिशातल्या पत्रावळी

धोटा

इथल्या बऱ्याच जणांच्या कंपन्यांत सध्या एंगेजमेंट सर्व्हेचा, म्हणजे कर्मचाऱ्यांचं कामात किती मन आहे ते मोजण्याचा, मोसम चालू असेल. एचआरचा मेल येतो, लिंक येते, ‘तुमची उत्तरं पूर्णपणे गोपनीय राहतील’ असं ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं आणि तीन दिवसांनी ‘तुम्ही अजून सर्व्हे भरलेला नाही’ असा तुमच्या नावानिशी रिमाइंडर येतो. गोपनीय कशाला म्हणतात ते जाणकारांनी सांगावं.

मागे एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं की हे सगळं अमेरिकन खूळ आहे, आपल्याकडे यावर धड अभ्यासच नाही. तसं नाहीये. जगभर ज्यांचे दाखले दिले जातात असे काही अभ्यास आपल्या अगदी उंबरठ्यावर झालेत, पण आपल्याच कंपन्यांच्या पीपीटीत ते दिसत नाहीत. म्हणून हा धागा.

आधी हे खूळ आलं कुठून ते थोडक्यात. विल्यम कान या संशोधकाचा १९९० सालचा एक निबंध आहे. त्यासाठी त्याने दोन ठिकाणची माणसं जवळून पाहिली: मुलांचं उन्हाळी शिबिर चालवणारे आणि एका आर्किटेक्ट फर्ममधले. माणूस कामात स्वतःला कधी ओततो आणि कधी नुसता हजेरी लावतो, हे त्याला शोधायचं होतं. त्याच्या मते ते तीन गोष्टींवर ठरतं. या कामाला काही अर्थ आहे का, इथे मनातलं बोललो तर अंगाशी येईल का आणि आज अंगात तेवढं त्राण उरलंय का. त्याने कुणाला टक्के दिले नव्हते, ते नंतर आले. गॅलप या अमेरिकन सर्वेक्षण कंपनीने बारा प्रश्नांचा संच काढला (‘कामाच्या ठिकाणी माझा जिवलग मित्र आहे’ हा त्यातलाच एक) आणि आता दरवर्षी साऱ्या जगाचा आकडा जाहीर होतो. २०२३ साली २३ टक्के, २०२४ साली २१. म्हणजे पाचातल्या चौघांचं मन कामात नाही. हा आकडा प्रत्येक सल्लागाराच्या दुसऱ्या स्लाइडवर असतो. तिसऱ्या स्लाइडपासून विक्री सुरू होते.

मला जास्त रस आहे तो अहमदाबादच्या कॅलिको मिलमधल्या प्रयोगात. साल १९५३, तेव्हा अहमदाबाद मुंबई राज्यातच होतं. मिलने ऑटोमॅटिक माग आणले होते, पण उत्पादन काही अपेक्षेइतकं वाढेना. लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचा संशोधक ए. के. राइस तिथे गेला. शेडमध्ये २२४ माग. इंजिनिअर लोकांनी घड्याळ लावून कामाचे बारा तुकडे पाडलेले: विणकर वेगळा, मागाच्या बॅटरीत कांड्या भरणारा वेगळा, तुटलेला ताणा जोडणारा वेगळा, बॉबिन वाहणारा, कापड नेणारा, माग नीट चालता ठेवणारा जॉबर, त्याचा मदतनीस, तेलवाला, झाडूवाला... कागदावर एकदम चोख. पण विणकराकडे जेवढे माग त्याहून जास्त कांड्या भरणाऱ्याकडे आणि जॉबरकडे त्याच्याही कितीतरी पट. त्यामुळे विणकराला ज्याची गरज, तो माणूस त्याच वेळी आणखी दोन-तीन विणकरांनाही हवा असायचा. तार तुटली तर हाक कुणाला मारायची आणि तो आधी माझ्याकडे का येईल, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. एका छपराखाली तीसेक माणसं, पण त्यांची टोळी अशी नाहीच.

राइसने साधी कल्पना मांडली. साठेक मागांचा एक पट्टा धरा, त्याला सातेकजणांचा एक गट द्या आणि सगळी कामं गटाला आपसात वाटून घेऊ द्या. आता चर्चेची गुऱ्हाळं होतील असं कुणालाही वाटलं असतं. झालं उलटंच. सुपरवायझर आणि कामगारांनी ती कल्पना तिथल्या तिथे उचलली, गट स्वतःच जमवले आणि कोण कुणाबरोबर काम करणार तेही आपणच ठरवलं. सुरुवातीचे हेलकावे गेल्यावर कार्यक्षमता ८०च्या घरातून ९५च्या घरात गेली, खराब कापडही कमी झालं. माझे बाबा परळला साचेखात्यात जॉबर होते. त्यांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “त्यात काय? जॉबर शहाणा असेल तर हेच करतो, फक्त साहेबाला कळू देत नाही.”

दुसरा अभ्यास तारापूर-उंबरगावचा. २००८च्या सुमारास अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तिथल्या कापड कारखान्यांत प्रयोग केला. १७ कंपन्या तयार झाल्या. १४ कारखान्यांना पाच महिने फुकट सल्लागार दिले, तुलनेसाठी घेतलेल्या सहांकडे फक्त महिनाभर पाहणी केली. सल्लागार म्हणजे अ‍ॅक्सेंचरची माणसं. त्या निबंधातले फोटो बघाच. सूत जमिनीवर ढिगाने पडलंय, कुठल्या रंगाचं किती याची नोंद नाही. हत्यारं एका पेटीत कोंबलेली. जाण्यायेण्याच्या वाटेवर कचरा. एमआयडीसीत ज्यांनी पाय ठेवलाय त्यांना ओळखीचं वाटेल. सल्लागारांनी ३८ पद्धतींची यादी केली. मशीन बंद पडलं की लिहून ठेवा, कापडातला दोष कुठल्या प्रकारचा ते नोंदवा, रोज सकाळी त्यावर बैठक घ्या, विणकराच्या कामगिरीला इन्सेंटिव्ह जोडा, अशा. पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. मालकांनी हे आधी का केलं नव्हतं? बऱ्याच जणांचं म्हणणं, आमचं बरंच आहे की, शेजाऱ्याचंही असंच असतं. आणि घरच्या माणसाशिवाय बाहेरच्या मॅनेजरवर भरवसा नाही. कंपनी किती मोठी होणार हे घरात कर्ते पुरुष किती यावर ठरतं, असंही या संशोधकांना आढळलं.

दोन्हीकडे संशोधक परत गेले, आणि माझ्या मते खरी गोष्ट इथे आहे. टॅव्हिस्टॉकचाच एरिक मिलर १९७० साली कॅलिकोत गेला तेव्हा एका शेडमध्ये गटपद्धत जवळपास जशीच्या तशी चालू होती, बाकीकडे गाडी जुन्या रुळावर. तारापूरला २०१७मध्ये पाहिलं तर निम्म्याच्या आसपास पद्धती सुटलेल्या. मॅनेजर बदलले आणि मालकाला वेळ नाही, ही दोन मुख्य कारणं. तरीही सल्ला मिळालेले कारखाने बाकीच्यांच्या पुढेच होते, आणि काही पद्धती त्याच मालकांच्या इतर कारखान्यांत पसरल्या होत्या.

माझं म्हणणं एवढंच की यातल्या कुणीही ‘तुम्हाला कसं वाटतं’ यावर टक्के काढून सुरुवात केली नाही. कामाची मांडणी बदलली. तुमच्या कंपनीत सर्व्हेनंतर कामाची मांडणी कधी बदलल्याचं आठवतंय का?

कोकणमेवा

आमच्याकडे बदलली ना. सर्व्हेत ‘संवाद कमी पडतो’ असं आलं म्हणून दर शुक्रवारी संवादाची मीटिंग सुरू झाली. आता सर्व्हेत ‘मीटिंग फार होतात’ असं येतंय.

मी_एचआर

धोटाभाऊ, लेख छान, पण आमच्यावर जरा अन्याय होतोय. रिमाइंडरचं आधी सांगते. सर्व्हे बाहेरची संस्था घेते. कुणी भरला आणि कुणी नाही हे तिला कळतं, कुणी काय भरलं ते आम्हाला येत नाही. गट पाचाहून लहान असेल तर त्याचा अहवालच उघडत नाही. निदान आमच्याकडे तरी हे खरंच पाळतात.

खरी गोम वेगळीच आहे. तीन वर्षांपूर्वी वरून ठरलं की टीमचा एंगेजमेंट स्कोअर मॅनेजरच्या केआरएत (ज्या उद्दिष्टांवर त्याचं मूल्यमापन होतं त्यांत) घालायचा. हेतू चांगला होता. पण त्या दिवसापासून सर्व्हेच्या आधीच्या पंधरवड्यात टीमला लंच, सुट्ट्या पटापट मंजूर, “अरे, माझा स्कोअर तुमच्या हातात आहे बरं का” वगैरे. स्कोअर वाढला. राजीनामे होते तेवढेच राहिले. मी हे आकडे शेजारी शेजारी ठेवून दाखवले तर मला सांगण्यात आलं की दोन्ही आलेख एका स्लाइडवर नकोत, गोंधळ होतो.

सुतावरून स्वर्ग

हॉथॉर्नचं नाव अजून कुणी कसं काढलं नाही? ते काढल्याशिवाय हा विषय पुढे जात नाही.

शिकागोजवळचा वेस्टर्न इलेक्ट्रिकचा कारखाना, १९२४ ते १९३२. दिवे वाढवले तर उत्पादन वाढलं, दिवे कमी केले तरी वाढलं, म्हणजे माणसाकडे नुसतं लक्ष दिलं की तो खुलतो, ही कथा एमबीएच्या पहिल्या सेमिस्टरला सांगतात. २०११मध्ये लेव्हिट आणि लिस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी मूळ आकडे शोधून काढले. ते नष्ट झाले असाच तोवर समज होता. त्यांना दिसलं की दिवे बदलायचे ते रविवारी. म्हणजे सोमवारचं उत्पादन शनिवारशी तोललं जाई आणि सोमवारी उत्पादन एरवीही चढायचं, दिवे बदला किंवा नका बदलू. कथा होती तशी काही उरली नाही. शिवाय टेलिफोनचे रिले जोडणाऱ्या ज्या पाच मुलींच्या खोलीची इतकी कौतुकं झाली, त्यातल्या दोघींना जास्त बोलतात, सहकार्य करत नाहीत म्हणून १९२८च्या जानेवारीत काढून त्यांच्या जागी दुसऱ्या आणल्या होत्या. हेही त्या स्लाइडवर नसतं.

आणि गॅलपबद्दल. एंगेजमेंट जास्त तिथे नफा जास्त, हे त्यांनी २००२ साली कंपन्यांच्या ७,९३९ युनिट्सच्या आकड्यांवरून दाखवलं. ठीक. पण आधी काय आणि मागून काय? २००३मध्ये बेंजामिन श्नायडर आणि सहकाऱ्यांनी ३५ कंपन्यांची आठ वर्षांची माहिती घेऊन हेच तपासलं. पैसा चांगला मिळवणाऱ्या कंपनीत पुढे लोक समाधानी होतात, हा धागा उलट्या धाग्यापेक्षा जास्त पक्का निघाला. बोनस वेळेवर मिळाला की जिवलग मित्रही मिळतो म्हणायचं.

रानजाई

वाचतेय. प्रतिसाद मूळ लेखाच्या तोडीस तोड.

तिसरी पाळी

मी चाकणला लाइनवर आहे. आमच्याकडे सर्व्हे कसा होतो ते सांगतो, म्हणजे टक्के कुठून येतात ते कळेल.

जेवणाच्या सुट्टीत एचआरचा एक मुलगा टॅब घेऊन येतो. टॅब एकच, लाइनवर माणसं बावीस. जेवायला वेळ अर्धा तास. प्रश्न इंग्रजीत, खाली मराठी भाषांतर, तेही असं की इंग्रजी वाचलेलं परवडलं. सुपरवायझर शेजारी उभा असतो, “भरा रे लवकर, चार आणि पाचच दाबा, मागच्या वेळी सत्यानाश केला होतात” म्हणत. मग एकजण टॅब घेतो आणि आपल्यासकट पुढच्या चौघांचंही भरून टाकतो. सगळ्यांना जेवायचं असतं. मी_एचआरताई, तुमच्याकडे पाचाहून लहान गटाचा अहवाल उघडत नाही म्हणता. आमच्याकडे एका अंगठ्याखाली पाचजणांचा गट असतो.

आणि कंत्राटींना टॅब देतच नाहीत. लाइनवर परमनंट, कंत्राटी आणि अप्रेंटिस (आधी नीम या सरकारी योजनेतले ट्रेनी असायचे) शेजारी शेजारी उभे राहून एकच काम करतात. तोच टॉर्क, तोच बोल्ट. पगारात दुपटीहून जास्त फरक. दिवाळीच्या आधी बोनसचा आकडा कळतो, त्या आठवड्यात लाइनवर जे वातावरण असतं ते कुठल्या प्रश्नात बसवणार?

धोटा

तिसरी पाळी, तुम्ही जे सांगताय नेमकं तेच ओडिशात प्रयोग करून तपासलंय. ब्रेझा, कौर आणि शमदासानी या संशोधकांचा २०१८चा निबंध. रोजंदारीवर माणसं घेतली, महिनाभराचं काम: दोऱ्या वळणं, झाडू बांधणं, उदबत्त्या, पत्रावळी असलं. तिघातिघांचे गट. काही गटांत तिघांना सारखी मजुरी. काहींत पहिल्या काही दिवसांतलं काम बघून कमी, मधली आणि जास्त अशी लावली. सारख्या मजुरीचे गटही वेगवेगळ्या दरांचे होते, त्यामुळे अगदी तेवढेच पैसे मिळणाऱ्या दोघांची तुलना करता येत होती, एकाच्या शेजाऱ्यालाही तेवढेच आणि दुसऱ्याच्या शेजाऱ्याला वेगळे.

वेगळी मजुरी असलेल्या गटांत काम घटलं, हजेरी १२ टक्क्यांनी घटली आणि दिवस जातील तसं हे वाढत गेलं. रोजंदारीचा माणूस दिवसाची मजुरी बुडवून घरी बसतोय, याचा अर्थ काय ते तुम्हाला सांगायला नको. शेवटी त्यांना एकत्र मनोरे रचायचे खेळ दिले, बक्षीस होतं. त्यातही हे गट मागे पडले.

पण एक गोष्ट माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. काही कामं अशी होती की शेजारी किती करतो ते डोळ्यांना दिसतं. तिथे हा परिणाम दिसलाच नाही. म्हणजे फरक आहे एवढ्याने माणूस बिथरत नाही, फरकाचं कारण दिसत नसेल तर बिथरतो. चाकणच्या लाइनवर उलटं आहे. काम डोळ्यांसमोर सारखं आहे आणि पगार वेगळा.

निवृत्त शाखाधिकारी

धोटा यांचा लेख वाचून काही जुन्या गोष्टी आठवल्या. आमच्या बँकेत सर्व्हे म्हणजे झोनल ऑफिसचं परिपत्रक. ‘सर्व कर्मचाऱ्यांनी स्वेच्छेने व १०० टक्के भरावा.’ शाखाधिकाऱ्याने संध्याकाळपर्यंत अनुपालन अहवाल पाठवायचा.

एक माहिती भर म्हणून. आपल्याकडे यातलं काही फार आधी झालं होतं. १९७४-७५ साली अहमदाबादच्या आयआयएमचे उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांनी लार्सन अँड टुब्रोसाठी अभ्यास करून मनुष्यबळ विकासाचा वेगळा विभाग काढायला सांगितलं. भारतीय कंपनीतला असा पहिला विभाग म्हणून त्याचं नाव घेतात. त्यांच्या शिफारशीत मूल्यमापनाची चर्चा त्या माणसाबरोबर बसून करायची, हा मोठा भाग होता. त्या काळात आमच्याकडे सीआर म्हणजे गोपनीय अहवाल. वाईट शेरा असेल तरच कळायचा, चांगला असेल तर निवृत्तीपर्यंत पत्ता नाही.

आता बऱ्याच ठिकाणी चर्चा होते. पण आकडा आधी ठरतो आणि चर्चा मागून होते, असं मुलगा सांगतो.

डच भाकरी

आमच्या नेदरलँड्सची हजेरी लावते. उत्रेख्त विद्यापीठाची प्रश्नावली जगभर वापरतात. स्खाउफेली आणि बाकर यांची. त्यात जोम, समर्पण आणि तल्लीनता अशा तीन बाजू मोजतात. त्यांच्यासह देमेरूती वगैरेंनी २००१मध्ये एक चौकट मांडली ती मला प्रश्नावलीपेक्षा कामाची वाटते. एका बाजूला कामाच्या मागण्या (घाई, ओझं, रागावलेले ग्राहक), दुसऱ्या बाजूला हाताशी असलेली साधनं (मोकळीक, सहकाऱ्यांची मदत, कामाबद्दल मिळणारी दाद). मागण्या वाढल्या की माणूस थकतो, साधनं आटली की तो मनाने निघून जातो. दोन वेगळ्या वाटा. त्यामुळे थकलेल्याला योगाचा क्लास आणि मन उडालेल्याला सुट्टी, अशी औषधं उलटसुलट दिली जातात.

पण इथे राहून जाणवतं ते हे की इथला सर्व्हे एकटा नसतो. पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीत कामगारांनी निवडून दिलेली परिषद कायद्याने लागते. कामाच्या वेळा बदलायच्या तर तिची संमती घ्यावी लागते. माझी टीम लीड त्या परिषदेवर आहे. सर्व्हेचा निकाल आला की ती तो घेऊन वर जाते आणि उत्तर मिळेपर्यंत विषय बंद होत नाही.

निवृत्त शाखाधिकारी

@डच भाकरी, तरतूद आपल्याकडेही जुनीच. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात १०० किंवा जास्त कामगार असतील तिथे वर्क्स कमिटीची तरतूद होती, मालक आणि कामगार दोघांचे प्रतिनिधी असलेली. कागदावर किती आणि प्रत्यक्षात किती बसल्या, हा वेगळा धागा होईल.

सिस्टर

मी हॉस्पिटलमध्ये आहे, त्यामुळे कारखान्याचं कळत नाही. पण कानचा तो दुसरा मुद्दा, बोललो तर अंगाशी येईल का, त्यावर सांगते.

एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या दोन रुग्णालयांत औषध देण्यातल्या चुकांचा अभ्यास केला. ज्या वॉर्डांत टीम चांगली आणि प्रमुख चांगली, तिथे चुका कमी असतील असं वाटलं होतं. आकडे उलटे आले, चांगल्या वॉर्डांत चुका जास्त. खोलात गेल्यावर कळलं की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, जास्त सांगितल्या जात होत्या.

आमच्याकडे एका आयसीयूत वर्षभर ‘घटना शून्य’ होत्या. सगळ्या मीटिंगांत कौतुक. तिथून बदलून आलेली मुलगी पहिल्या आठवड्यात माझ्याजवळ येऊन हळूच विचारते, “सिस्टर, इथे फॉर्म भरला तर पगार कापतात का?” त्यामुळे कुठल्या टीमचा सर्व्हे शंभर टक्के गोड आला की मी आधी त्या टीमची काळजी करते.

तिसरी पाळी

सिस्टर, दंडवत.

सुतावरून स्वर्ग

आता धोटा यांच्या मूळ मुद्द्याला थोडा सुरुंग लावतो. ‘कसं वाटतं हे विचारून काही होत नाही’ असा त्याचा सूर आहे. विचारल्यानेही होतं, पुरावा आहे, आणि तोही आपल्या शेजारचाच.

कर्नाटकातल्या कपडे शिवण्याच्या कारखान्यांत किमान वेतन वाढणार होतं. कामगारांना जेवढी वाढ अपेक्षित होती त्यापेक्षा ती कमी निघाली, लोक नाराज झाले. अध्वर्यू, मोलिना आणि न्यषधम या संशोधकांनी वाढ झाल्यावर चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निम्मे कामगार निवडले आणि त्यांच्याकडून निनावी सर्व्हे भरून घेतला: पगार, सुपरवायझर, कामाची परिस्थिती. बाकी काही दिलं नाही. पुढच्या काही महिन्यांत विचारलेल्यांचं नोकरी सोडण्याचं प्रमाण न विचारलेल्यांपेक्षा २० टक्क्यांनी कमी राहिलं.

हॉथॉर्नमध्येही वीस हजारांहून जास्त कामगारांच्या मुलाखती घेतल्या होत्या. ज्या तक्रारींवर काहीच केलं नव्हतं, त्याबद्दलही ‘आता सुधारणा झाली’ म्हणणारे लोक भेटले.

तिसरी पाळी

म्हणजे कुकरची शिट्टी. वाफ गेली, गॅस तसाच चालू.

सुतावरून स्वर्ग

असेलही. पण सोडून जाणारा प्रत्येक माणूस आनंदाने चांगल्या नोकरीकडे जातो असं नाही. शिवणकामाच्या कारखान्यातून रागाने निघालेली बाई कधीकधी महिनाभर घरी बसते आणि मग त्याच भागातल्या दुसऱ्या तशाच कारखान्यात लागते. तिलाही काही वाचलंच ना?

धोटा

मुद्दा मान्य, पण पूर्ण नाही. त्या अभ्यासात कामगारांना पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं. आमच्या ऑफिसात नववं वर्ष आहे. पहिल्यांदा विचारलं तर ‘ऐकतायत’ वाटतं. काहीही न करता नवव्यांदा विचारलं तर काय वाटतं, यावर कुणी असाच चिठ्ठ्या टाकून प्रयोग करावा. माझा अंदाज तुम्हाला माहीतच आहे.

पत्रावळींवरून आणखी एक. ओडिशातच कौर, मुल्लईनाथन, ओह आणि शिलबाख यांनी पत्रावळी करणाऱ्या मजुरांवर दुसरा प्रयोग केला. नगावर मजुरी होती. काहींना मजुरीचा काही भाग मुदतीआधी दिला, काहींना नेहमीसारखा शेवटी. दर तोच, एकूण पैसे तेच. हातात पैसे आले, लोकांनी उधाऱ्या फेडल्या आणि त्यानंतर त्यांचं काम ७ टक्क्यांनी वाढलं. फरक मुख्यतः जास्त गरीब मजुरांत दिसला, आणि त्यांच्या हातून चुकाही कमी झाल्या. डोक्यात वाण्याची उधारी घोळत असेल तर हातातलं पान फाटतं. ज्या कंत्राटदारांकडे पगार महिन्याच्या वीस तारखेपर्यंत लांबतो, तिथे कुठला प्रश्न विचारून एंगेजमेंट मोजणार?

कोकणमेवा

अवांतर: वर्क फ्रॉम होमवर कुणीच कसं बोललं नाही? आमच्याकडे ‘ऑफिसला या, एंगेजमेंट वाढेल’ असं चाललंय.

सुतावरून स्वर्ग

@कोकणमेवा, तारापूरवाल्या ब्लूमचाच चीनमधला अभ्यास आहे, सीट्रिप कंपनीचा. २०१५च्या निबंधात कॉल सेंटरवाल्यांना आठवड्यातले चार दिवस घरून काम दिलं तर कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली आणि सोडून जाणारे निम्मे झाले. पण प्रयोग संपल्यावर विचारलं तर बरेच जण ऑफिसला परत आले, एकटं वाटायचं म्हणून. २०२४चा नवा अभ्यास त्याच कंपनीतल्या १,६१२ जणांचा. दोन दिवस घरून, बाकी ऑफिस. कामगिरी तेवढीच, राजीनामे एक तृतीयांशाने कमी. तुमच्या साहेबाला दुसरा दाखवा.

मी_एचआर

हा धागा मी दोन दिवस वाचतेय आणि ऑफिसात माझं डोकं फिरलंय. काही गोष्टी केल्या, त्या सांगते.

पहिलं, मागच्या वर्षीच्या सर्व्हेत लोकांनी काय मागितलं होतं आणि त्यातलं काय झालं, काय झालं नाही, का झालं नाही, हे नवी लिंक पाठवण्याआधी नोटीस बोर्डावर लावायचं ठरवलंय. ‘झालं नाही’चा रकाना लांब आहे. वरून विरोध झाला, पण शेवटी हो म्हणाले. दुसरं, केआरएतला स्कोअर काढायचा प्रस्ताव दिला. तो ‘पुढच्या आर्थिक वर्षात बघू’मध्ये गेला, म्हणजे गेला.

तिसरं, तिसरी पाळी यांचं वाचून आमच्या पुण्याबाहेरच्या प्लांटवर कंत्राटींनाही सर्व्हेत घ्या असं मी म्हणाले. तर लीगलने अडवलं. त्यांचं म्हणणं, कंत्राटींचा मालक कंत्राटदार. आपण त्यांना सुपरवायझर कसा आहे, काम कसं आहे असं थेट विचारलं तर उद्या कोर्टात ‘आम्ही कंपनीचेच’ म्हणायला हा कागद पुरावा होईल.

तिसरी पाळी

ताई, म्हणजे निम्म्या लाइनला न विचारणं हीच पॉलिसी. मग गेटवर ‘आमचे कर्मचारी आनंदी’ म्हणून फ्लेक्स लागतो त्यातला टक्का कुणाचा?

मी_एचआर

फ्लेक्स मार्केटिंगवाले लावतात हो. मला तो गेटवरूनच कळतो.

निवृत्त शाखाधिकारी

ताई, एक सुचवू का? फॅक्टरी अ‍ॅक्टमधल्या कामगाराच्या व्याख्येत कंत्राटदारामार्फत आलेला माणूसही यायचा (२०२५मध्ये तो कायदा नव्या संहितेत गेला). कँटीन, सुरक्षा, पिण्याचं पाणी हे त्याचेही विषय आहेत, तिथे तो कुणाचा हा वाद निघत नाही. सर्व्हे नका म्हणू. सेफ्टी कमिटीच्या बैठकीत त्यांचे दोघे-तिघे बोलवा आणि काम करताना कुठे अडतं ते विचारा. इतिवृत्त लिहा, त्यावर सही घ्या. इतिवृत्तात आलेला मुद्दा पुढच्या बैठकीत ‘कार्यवाही’ म्हणून परत येतोच. सरकारी नोकरीत एवढं शिकलोय.

धोटा

काका, कॅलिकोच्या शेडमध्ये राइसने जवळपास हेच विचारलं होतं. काम करताना कुठे अडतं.

मी_एचआर

हे जमेल. सेफ्टी कमिटी माझ्याकडे नाही, पण ज्याच्याकडे आहे त्याला अजेंडा भरायला विषय लागतातच. सोमवारी प्लांट हेडशी बोलते. बहुतेक दुपारी तीनची वेळ मिळेल.

तिसरी पाळी

तीनला फर्स्ट शिफ्ट सुटते ताई, बसेस निघतात. सव्वातीनला कुणी थांबत नाही. दोनला ठेवा आणि लाइनवर बदली माणूस द्या, नाहीतर सुपरवायझर सोडणार नाही.